शाळेची सहल आपल्या शेतावर

पौष लागतो, रब्बी ज्वारीची कणसे चिकातून हुरड्यात येतात आणि त्याच सुमारास शाळांना सहलीचे वेध लागतात. एखाद्या दिवशी गुरुजी किंवा बाई आपल्या वस्तीवर येऊन विचारतात, "चाळीस-पन्नास मुलं घेऊन आलो तर चालेल का?" आपण मोठ्या मनाने हो म्हणतो. पुढे मात्र मुलांना काय दाखवायचे हे गुरुजी आपल्यावर सोडतात आणि आपण गुरुजींवर. ठरल्या दिवशी मुले येतात, बांधावरून रांगेने एक फेरी मारतात, हुरड्यावर ताव मारतात, दोन-चार सऱ्या तुडवतात आणि गाडीत बसून परत जातात. चार दिवसांनी विचारले तर हुरडा आणि बैलगाडी एवढेच त्यांना आठवते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, याहून अधिक देण्याजोगे आपल्याजवळ पुष्कळ आहे. परंतु ते देण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. विहीर कोठे आहे, कोणती वायर उघडी आहे, कोणत्या डब्यात काय आहे हे आपल्याला अंधारातही ठाऊक असते. पाहुण्या मुलाला ते दिवसाढवळ्याही कळत नाही. म्हणून सहलीची निम्मी तयारी काय शिकवायचे ते ठरविण्याची आणि निम्मी धोक्याच्या जागा बंद करण्याची असते. ही दुसरी तयारी होणार नसेल तर गुरुजींना नम्रपणे नाही म्हणावे. त्यात कमीपणा नाही.

शेतावर शाळा ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला व त्यातून नई तालीम उभी राहिली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात गेली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तोही काम करीत शिकण्याच्या तत्त्वावर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावे असे म्हटले आहे. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटन धोरणही जाहीर केले. तेव्हा शाळांची विचारणा यापुढे वाढणारच आहे.

आधी गुरुजींना एकट्याने बोलवा

सहलीच्या आधी आठवडाभर तरी शिक्षकांनी एकदा शेतावर येऊन जावे, असा आग्रह धरावा. कोठून कोठे जायचे, मुले कोठे बसतील, डबे कोठे खातील हे त्यांना प्रत्यक्ष दाखवावे. मुलांची संख्या, इयत्ता, बरोबर येणाऱ्या शिक्षकांची संख्या आणि तारीख हे शाळेकडून लेखी घ्यावे. कोणाला दमा आहे का, कोणाला मधमाशी किंवा एखादा पदार्थ सोसत नाही का, हेही त्यात असावे. आगटीच्या धुराने दमेकरी मुलाला त्रास होतो आणि ते मूल चार जणांत आपण होऊन सांगत नाही.

मुलींच्या सोयीचा विषय पुष्कळदा निघतच नाही. वस्तीवर शौचालय असेल तर तेथे पाणी, साबण व आतून लागणारी कडी आहे का ते पाहावे. नसेल तर बांबू आणि तट्ट्या लावून आडोसा करावा, पाण्याचे पिंप ठेवावे. एवढी सोय नसली तर मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी उन्हात त्यांना भोवळ येते.

काय दाखवावे

सारे शेत दाखवू नये. चार जागा निवडाव्यात. दहा-दहा मुलांचे गट करून प्रत्येक गटाने एका जागी वीस-पंचवीस मिनिटे थांबावे आणि मग जागा बदलावी. प्रत्येक जागी मुलांच्या हाताला काम हवे. आपण बोलायचे थोडे, करून घ्यायचे अधिक. भाषण त्यांना शाळेत रोजच असते.

हरभऱ्यापासून सुरुवात करावी. थोड्या उशिरा पेरलेल्या, फुलोऱ्यातील हरभऱ्याची दोन-तीन रोपे खुरप्याने मातीसकट सावकाश उकरून काढावीत. उपटू नयेत, उपटल्यास गाठी मातीतच राहतात. मुळे बादलीत हलक्या हाताने धुवावीत. मुळांवरच्या गाठी मुलांना मोजू द्याव्यात आणि एक गाठ नखाने फोडायला सांगावी. आत गुलाबी-तांबूस रंग दिसला तर गाठ काम करीत आहे, म्हणजे तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देत आहेत असे समजावे. पाठ्यपुस्तकात रायझोबियम हा शब्द मुलांनी वाचलेला असतो, पण नखाखाली तो कोणी पाहिलेला नसतो. आपण पेरणीपूर्वी बियाण्याला जिवाणू संवर्धन चोळले असेल, तर त्याचे २५० ग्रॅमचे पाकीट आणि दहा किलो बियाणे हा हिशेबही सांगावा. शेजारी ज्वारीचे एक धाट मुळासकट काढून ठेवावे. त्याला अशा गाठी का नाहीत, हा प्रश्न मुलेच विचारतील.

फवारणी न केलेल्या हरभऱ्याच्या पानांवरून बोट फिरवून जिभेला लावले तर आंबट लागते. हीच आंब. पूर्वी पहाटेच्या दवात हरभऱ्यावरून फडके फिरवून ती गोळा करीत आणि पोटदुखीवर देत. हे घरातल्या आजीने सांगितले तर अधिक चांगले. बियाणे निवडणे, साठवणे, दूधदुभते ही कामे बायकांच्या हातची असतात, मग मुलांपुढे बोलायला मात्र घरधनीच का उभा राहतो, असा प्रश्न मला अशा सहली पाहताना नेहमी पडतो.

दुसरी जागा ठिबकची. ताशी चार लिटरच्या ड्रिपरखाली लिटरची बाटली धरली तर ती पंधरा मिनिटांत भरायला हवी. ड्रिपर जमिनीलगत असतो, म्हणून बाटलीसाठी आधी वीतभर खड्डे घेऊन ठेवावेत. मुलांकडे पाण्याच्या बाटल्या असतातच. एका गटाने ओळीच्या सुरुवातीला, एकाने मध्यावर व एकाने शेवटी बाटली लावावी आणि घड्याळ पाहावे. मग एका ओळीत किती ड्रिपर, सगळ्या ओळींत किती, तासाला किती पाणी, हा गुणाकार मुले तोंडी करतात. शेवटच्या बाटलीत पाणी कमी भरले तर गाळ किंवा क्षार साचल्याचे, नाहीतर दाब कमी पडल्याचे कळते. मुलांमुळे आपले तुंबलेले ड्रिपर आपल्याला सापडले, असेही होते!

तिसरी जागा किडींची. करडई किंवा ज्वारीवर मावा असेल तेथे ढालकिडे हमखास असतात. करडईला काटे असतात म्हणून लहान मुलांना ज्वारीवरच दाखवावे. ढालकिड्याची अळी काळपट, लांबट आणि ओबडधोबड असते. पुष्कळ शेतकरीही तिला कीड समजून मारतात. भिंग देऊन मुलांना पाच मिनिटे नुसते पाहू द्यावे, अळी मावा खाताना दिसते. हरभऱ्यातले पक्षीथांबे आणि घाटे अळीचे कामगंध सापळे तेथेच दाखवावेत. सापळ्यातले पतंग मोजून आकडा फळ्यावर लिहायला लावावा. भिंगे, तक्ते, किडींच्या पेट्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी महाविद्यालयाकडे मागून पाहाव्यात.

चौथी जागा ज्वारीची. प्रत्येक दोन मुलांना एक कणीस द्यावे आणि दाणे मोजायला सांगावे. एका दाण्याचे किती झाले, याचा आकडा आधी सांगू नये. मोजता मोजता मुले दमतात, मग कणसाचा एक बोंडा मोजून बोंड्यांच्या संख्येने गुणावे अशी युक्ती त्यांनाच सुचते. हाती आलेला आकडा ऐकून ती चकित होतात. त्यानंतर पेरलेला प्रत्येक दाणा उगवत नाही, उगवलेल्यातले काही खोडमाशी नेते, काही पाखरे नेतात, हे सांगावे.

गावच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलांना हे सारे येतच असणार, असे धरून चालू नये. त्यांतली कित्येक मुले शेतात राबतात, पण मुळावरची गाठ त्यांनीही पाहिलेली नसते. मात्र पाथरी धरणे, कणीस मोडणे, धार काढणे यांत ती पटाईत असतात. तेथे त्यांनाच पुढे करून शहरातून आलेल्या मुलांना शिकवू द्यावे.

पाणी, वीज आणि यंत्रे

कठडा नसलेली विहीर असेल त्या बाजूला सहल नेऊच नये. दोरी बांधून किंवा काटेरी फांद्या टाकून वाट बंद करावी. वापरात नसलेल्या बोअरला घट्ट टोपण आहे ना, ते आदल्या दिवशी हात लावून पाहावे.

शेततळ्याविषयी विशेष सांगावेसे वाटते. विहिरीची भीती लोकांना आहे, शेततळ्याची नाही. काठ उतरता, पाणी निळे आणि शांत, मुलांना ते पोहण्याच्या हौदासारखे दिसते. परंतु प्लॅस्टिकच्या अस्तरावर शेवाळ धरले की पाय ठरत नाही आणि धरायला काही सापडत नाही. चांगला पोहणारा माणूसही तेथून वर येऊ शकत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही अडकतो. शेततळ्याला चारही बाजूंनी कुंपण व कुलूप लागणारे फाटक असावे. प्रत्येक बाजूला खुंटीला पक्का बांधलेला, गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडलेला असावा, जवळ हवा भरलेली ट्यूब ठेवावी. हे सहलीपुरते करायचे नसून आपल्या घरच्या मुलांसाठीही कायमचे करायचे आहे. कुंपण नसेल तर सहलीच्या दिवशी एका जाणत्या माणसाला दुसरे कोणतेही काम न देता तेथेच बसवावे, आणि तळे दाखवायचा मोह टाळावा.

मोटारीची पेटी कुलूपबंद ठेवावी. सोललेल्या, जोड दिलेल्या वायरी त्या निमित्ताने बदलून घ्याव्यात. रानडुकरांसाठी कोणी कुंपणात थेट वीज सोडत असेल तर तो गुन्हाही आहे आणि माणसे मारण्याचा मार्गही. कडबाकुट्टी यंत्राचा वीजपुरवठा तोडून ठेवावा, चालवून दाखवू नये. ट्रॅक्टरची किल्ली खिशात ठेवावी. ट्रॉलीत मुले भरून फेरी मारण्याची पद्धत बंद झाली पाहिजे.

औषधांची खोली

बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेच्या माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, ते आपण विसरलेलो नाही. मोठ्यांनाही चकविणारे हे विष मुलांच्या हाताशी असता कामा नये.

सहलीच्या आधी सर्व औषधे, पंप, मापे आणि रिकामे डबे कुलपात घालावेत. रिकामा डबा हा भरल्या डब्याइतकाच धोक्याचा समजावा. त्यात पाणी, तेल किंवा दूध कधीही ठेवू नये. कीटकनाशकाच्या डब्यावरील चौकटीत लाल रंग म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम असतो. हे मोठ्या मुलांना चित्र काढून जरूर समजावावे, डबा हातात देऊन नव्हे. रंग लावलेले, प्रक्रिया केलेले बियाणे मुलांना हाताळायला देऊ नये. गुलाबी दाणे लहान मुलांना गोळ्यांसारखे वाटतात. पेरणी दाखवायचीच असेल तर घरचे साधे बियाणे घ्यावे.

हुरड्याचा आणि हरभऱ्याचा जो तुकडा मुलांसाठी राखायचा, त्यावर सुरुवातीपासूनच रासायनिक फवारणी करू नये. इतर पिकांत औषधाच्या वेष्टनावर दिलेला प्रतीक्षा काळ पूर्ण झालेला असल्याशिवाय मुलांना काहीही तोडून खाऊ देऊ नये. द्राक्ष किंवा डाळिंबाच्या बागेत याच दिवसांत फवारण्या चालू असतात. अशी बाग बाहेरून दाखवावी. शेजाऱ्यालाही आधी सांगून ठेवावे, "दादा, बुधवारी आमच्याकडे शाळेची मुलं येणार आहेत, तेवढा दिवस फवारणी पुढं ढकला." शेजारी सहसा नाही म्हणत नाही.

बांधावरची झाडे, मोहोळ आणि साप

बांधावर मोगली एरंड असेल तर त्याची फळे आदल्या दिवशी काढून नष्ट करावीत. त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. त्या खाऊन मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या आपण वरचेवर वाचतो. धोतरा, एरंडी आणि कुंपणावरची खाजकुयली यांनाही हाच नियम लावावा.

आगटी पेटविण्यापूर्वी वर पाहावे. वड, पिंपळ, आंबा अशा उंच झाडावर आग्या मोहोळ असेल आणि धूर त्याकडे गेला तर माश्या उठतात. मग पळायला जागा पुरत नाही. अशा झाडापासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून जागा निवडावी. मोहोळ वस्तीजवळच असेल तर त्या वर्षी आगटी करू नये, घरात भाजून आणावा.

कडब्याची गंज, दगडांचा ढीग आणि गोवऱ्यांचा उडवा येथे मुलांना खेळू देऊ नये. मुलांच्या पायात बूट असावेत असे शाळेला कळवावे. साप चावलाच तर आवळपट्टी, चिरा देणे, मांत्रिक यांत एक मिनिटही घालवू नये. मुलाला चालू न देता, चावा बसलेला भाग हलू न देता दवाखान्यात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात शिल्लक आहे, याची चौकशी आदल्या दिवशीच करून ठेवावी, आणि एक वाहन वस्तीवर तयार ठेवावे.

जनावरांजवळ

नुकती व्यालेली गाय-म्हैस, मारका बैल आणि राखणीचा कुत्रा वेगळे बांधावेत. शेळी आणि मोठी वासरे मुलांना हाताळायला चांगली. चारा आपण काढून द्यावा. मुलांनी शेतातून आणलेली कोवळी, पाण्याचा ताण पडलेली ज्वारी जनावरांपुढे टाकू देऊ नये, किराळ लागते. हे का होते, ते मोठ्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

जनावरांना हात लावल्यानंतर आणि खाण्यापूर्वी प्रत्येक मुलाने साबण व वाहत्या पाण्याने हात धुतलेच पाहिजेत. इंग्लंडमधील सरे परगण्यात २००९ साली मुलांसाठी खुल्या असलेल्या एका शेतावर जनावरांच्या संपर्कातून ई. कोलाय जंतूंची लागण होऊन ९३ जण आजारी पडले, त्यांत बहुतेक लहान मुले होती. म्हणून गोठा आधी दाखवावा, हात धुण्याचे नळ किंवा तोटीची पिंपे त्यानंतर आणि हुरडा सर्वांत शेवटी, अशी वाट आखावी. धारोष्ण दूध प्यायला देण्याची हौस आवरावी. दूध उकळूनच द्यावे.

हुरडा

हुरड्यासाठी सुरती, गुळभेंडी यांसारखे स्थानिक वाण किंवा विद्यापीठांचे फुले उत्तरा, परभणी वसंत असे वाण थोड्या क्षेत्रावर वेगवेगळ्या दिवशी पेरावेत, म्हणजे महिनाभर हुरडा मिळतो. आगटीभोवती दोरी धरावी, मुलांना हातभर लांब बसवावे, भाजण्याचे व चोळण्याचे काम मोठ्यांनी करावे. गरम कणसाने हात पोळतो, याची मुलांना कल्पना नसते.

मुलांचे प्रश्न

सर्वांत अवघड प्रश्न बहुधा सर्वांत लहान मूल विचारते, "काका, तुम्हाला यात पैसे सुटतात का?" या प्रश्नाला हसण्यावारी नेऊ नये, आणि मुलांपुढे रडगाणेही गाऊ नये. फळ्यावर एका एकर ज्वारीचा खरा हिशेब मांडावा. नांगरट, बियाणे, खत, खुरपणी, काढणी, मळणी यांचा आपला गेल्या वर्षीचा खर्च एका बाजूला लिहावा. धान्य किती झाले, कडबा किती झाला, काय भावाने गेला ते दुसऱ्या बाजूला. घरच्या माणसांची मजुरी धरायची की नाही, हे मुलांनाच विचारावे. वजाबाकी जी येईल ती येऊ द्यावी. कडब्याचे पैसे धरले नाहीत तर काय होते, हेही दाखवावे. वहीत हिशेब लिहिण्याची सवय आपल्याला नसेल, तर या निमित्ताने ती लागेल. समोर बसलेल्या मुलांत शेतकऱ्यांचीही मुले असतात. शेतीविषयी घरात त्यांनी निम्मे ऐकलेले असते, तेही बहुतेक भाव पडल्याच्या दिवशी. पूर्ण आकडे त्यांना कोणीतरी दाखवायला हवेत.

पैशाचे काय

गावच्या शाळेकडून काही घेऊ नये असे माझे मत आहे. शहरातून येणाऱ्या शाळेकडून हुरडा, जेवण, दोन-तीन माणसांची मजुरी आणि तुडवणुकीचे नुकसान धरून दर माणशी रक्कम आधीच ठरवून घ्यावी व पावती द्यावी. नंतर मनात कुढत बसण्यापेक्षा हे बरे. पैसे मिळतात म्हणून एका दिवशी दोन शाळा मात्र घेऊ नयेत. लक्ष राहत नाही.

निघण्यापूर्वी प्रत्येक गटाला एका रंगाची चिंधी द्यावी आणि ज्वारीच्या एका उभ्या धाटाला, कणसाच्या खाली, ती सैल बांधायला सांगावी. गुरुजींकडून काढणीच्या सुमाराची, माघ-फाल्गुनातली दुसरी तारीख तेथेच वहीत लिहून घ्यावी. त्या वेळी सगळी मुले आली नाहीत तरी प्रत्येक गटातून दोघे आले तर पुरे. त्यांनी आपापली चिंधी शोधावी, कणीस कापून शाळेत न्यावे आणि वाळलेले दाणे काढून त्यांचे वजन करावे. चिंधी बांधलेल्या धाटांवर आपण मात्र लक्ष ठेवावे, नाहीतर काढणीच्या घाईत मजूर ती आधीच कापून पेंडीत बांधतात आणि मुले येऊन मोकळे रान पाहून जातात.